व्हॅनमधली बिनमिठाची चूल

पोरांनो,

परवा तुम्ही दोघांनी फोनवर मला तुमची नवी जुनी गाडी दाखवलीत. मागच्या सीटा काढून केलेला पलंग, खिडकीखाली दोन बर्नरचा गॅस, हुकांना टांगलेले कप. मग धाकटीने विचारलं, "आजी, यावर टोस्ट कसा करायचा? पाव एका बाजूने जळतो आणि दुसऱ्या बाजूने थंडच राहतो." तेवढ्यात तुमचे बाबा मागून म्हणाले, "आजीलाच विचारा, ती लग्न झाल्यावर व्हॅनमध्येच राहत होती," आणि तुम्ही दोघं हसलात. तुम्हाला ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती. फोनवर सांगायला गेले तर आवाज तुटतो, आणि गोष्टीचा क्रम तुटलेला मला चालत नाही, म्हणून आता बसून लिहिते आहे. आयुष्यभर मी इंग्रजी शिकवलं, पण ही गोष्ट मला इंग्रजीत सांगता येणार नाही. अडलं तर बाबांना विचारा.

मी गिरगावची. वडील कचेरीत, घरी वर्तमानपत्र इंग्रजी, जेवण घड्याळाच्या काट्यावर. तुमचे आजोबा लालबागचे, गिरणीच्या वर्कशॉपात फिटर. आमची ओळख दादरच्या एका वाचनालयात झाली. त्यांना कुठल्याशा यंत्राचं इंग्रजी माहितीपुस्तक समजून घ्यायचं होतं आणि मी शेजारच्या खुर्चीवर बसले होते. ते पुस्तक संपायला जितका वेळ लागायला हवा होता त्यापेक्षा बराच जास्त लागला, आणि मग आमचं लग्न झालं.

लग्नानंतर मी लालबागच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत आले. खोलीत सासूबाई, थोरले दीर, जाऊबाई, त्यांची तीन मुलं, गावाहून कामासाठी आलेला एक मावसदीर आणि आम्ही दोघं. तुम्हाला वाटेल, एवढी माणसं एका खोलीत मावायची कशी? पाळीमुळे. थोरले दीर मागावर रात्रपाळीला, मावसदीर दुपारपाळीला, तुमचे आजोबा दिवसपाळीला. एकजण उठला की त्याच्या जागेवर दुसरा झोपायचा. सतरंजी कधी थंड व्हायची नाही, पण जागा असायची. मी दादरच्या शाळेत सकाळच्या वर्गांना शिकवत होते, मीसुद्धा त्या पाळ्यांमध्ये बसून गेले.

मग गिरण्यांचा संप झाला आणि तिन्ही पाळ्यांचे पुरुष एकाच वेळी घरी आले.

संपाबद्दल तुम्ही पुढेमागे वाचाल. त्यात हे लिहिलेलं सापडणार नाही की संपाच्या पहिल्या आठवड्यात आमच्या खोलीत कुणालाच पाय पसरता आला नाही. सकाळी मला शाळेसाठी लवकर निघायचं असे. ओट्यापर्यंत जायचं तर तीन पुरुष आणि तीन मुलं ओलांडावी लागत. सुनेने थोरल्या दिरांना ओलांडायचं नाही, असा आमच्याकडे रिवाज. म्हणून मी चहाशिवाय निघत असे आणि पहिल्या तासाला मुलींवर चिडत असे.

चाळीच्या मागच्या गल्लीत एक ख्रिस्ती कुटुंब होतं, मुंबईच्या मूळ रहिवाशांपैकी. त्या घरच्या काकांना सगळी चाळ अंकल म्हणायची. त्यांची एक डिलिव्हरी व्हॅन होती. शिवडीच्या गोदामांतून गिरण्यांना माल पोचवण्याचा त्यांचा धंदा. गिरण्याच थांबल्या तेव्हा व्हॅनही थांबली. गल्लीत मुलं तिच्या काचांवर चेंडू मारायची, म्हणून अंकलने ती आमच्या चाळीच्या आवारात आणून लावली आणि किल्ली तुमच्या आजोबांच्या हातात दिली. "अधूनमधून इंजिन चालू कर रे बाबा. बॅटरी मरू नको देऊ."

आजोबांनी आत डोकावून पाहिलं. मागे खिडक्या असलेली लांब मोकळी जागा होती. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "इथे पाय पसरता येतील."

तुम्हाला त्या वेळच्या गोष्टीचं मर्म कळायचं असेल तर सासूबाईंबद्दल सांगितलं पाहिजे. त्यांना आयुष्यात एकाच गोष्टीची भीती होती, आणि ती संपाची नव्हती. घर फुटण्याची. मालवणकडच्या त्यांच्या सासरी तीन भाऊ वेगळे झाले होते. घर मात्र एकच. एका पडवीत तीन चुली, आणि तिघे भाऊ एकमेकांकडे पाठ करून जेवायचे. ते पाहून आलेल्या बाईच्या घरात इंग्रजी शिकलेली, पगार आणणारी सून आली. मी पहिल्या दिवसापासून संशयित होते. त्यात संपामुळे घरात येणारा पगार फक्त माझा. मुलगा आज व्हॅनमध्ये झोपायला जातो, उद्या तिथे चूल मांडतो, परवा बायकोला घेऊन दादरला खोली बघतो, हा सगळा रस्ता त्यांना स्वच्छ दिसत होता.

तरी पाय पसरण्याची गरज त्यांनाही कळत होती. त्यांनी गॅलरीत उभं राहून परवानगी दिली. "झोपा थय. पण चूल पेटवूक देवचंय नाय."

"आई, नुसती चाय," आजोबा म्हणाले.

"चायेक कोण नको म्हणता?"

"आणि अंडा उकडला तर?"

सासूबाईंनी विचार केला. "मीठ घालतलंस?"

"नाय."

"मगे उकड. मीठ पडला काय चूल झाली."

असा आमच्या घराचा कायदा ठरला. ज्यात मीठ नाही तो स्वयंपाक नाही. मला कायदा फार आवडला. स्पष्ट होता, एका ओळीचा होता आणि त्याला अपवाद नव्हते. शाळेच्या नियमांबद्दल मला असं कधी म्हणता आलं नाही.

आजोबांना तो आणखी वेगळ्या कारणासाठी आवडला. गिरणी बंद, हात रिकामे. आता त्यांना एक गाडी, एक पंपाचा स्टोव्ह आणि एक कायदा मिळाला होता. भंगारवाल्याकडे त्यांची रोज फेरी सुरू झाली.

पहिली अडचण उताराची. आवारातली फरशी गटाराच्या बाजूला उतरती, त्यामुळे व्हॅनही कललेली. स्टोव्हवरचं पातेलं हळूहळू दाराकडे निघायचं. आजोबांनी स्टोव्हच्या पायांना अडकणारी लोखंडी पट्टीची एक कडी केली, तिला तीन बाजूंनी तीन स्क्रू. पातेलं कडीत ठेवून स्क्रू आवळले की ते हलायचं नाही. खरोखरच हललं नाही. चहा उकळून वर आला तेव्हा कडी तापली होती, स्क्रू तापले होते, पक्कड सापडत नव्हती. शेवटी त्यांनी स्टोव्ह विझवला, दोन्ही हातांना फडकी गुंडाळली आणि पातेलं, कडी आणि स्टोव्ह असं सगळं एकत्र उचलून कपात चहा ओतला. चहाला रॉकेलचा वास होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्क्रूंना लाकडी बॉबिनचे, म्हणजे गिरणीतल्या सुताच्या रिळाचे, तुकडे मुठी म्हणून बसवले, आणि स्टोव्ह पुन्हा उचलायचा मोह होऊ नये म्हणून तो गाडीच्या तळाला बोल्टने पक्का केला.

दुसरी अडचण वाऱ्याची. रॉकेलचा वास जावा म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्या, तर ज्योत आडवी व्हायची. त्यासाठी तेलाचा पत्र्याचा डबा उभा कापून तीन बाजूंचा आडोसा केला. डब्यावरचं शेंगांचं चित्र आतल्या बाजूला राहिलं होतं. ते तापून इतका रंग सोडायला लागलं की पहिला आठवडा आमची ज्योत हिरवी होती.

आता धाकटीच्या टोस्टबद्दल. मागावर उभे धागे ज्या फटींतून जातात ती पोलादी तारांची लांब फणी असते. भंगारात तिचा एक तुकडा मिळाला. आजोबांनी तो दोन पावांएवढा कापला, चारी बाजूंनी पत्रा मुडपला, बॉबिनची मूठ लावली आणि आचेवर बोटभर उंच राहील असा पाय दिला. पाव दोन्ही बाजूंनी सारखा भाजायचा आणि त्यावर कापडाच्या पोतासारख्या अगदी बारीक रेघा उमटायच्या. आजोबांनी पहिला टोस्ट उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "मलमल आहे." तुम्हाला फणी मिळायची नाही. लोखंडी तवा आधी चांगला तापवा, मग आच बारीक करा आणि पाव तव्यापासून थोडा वर राहील असं काहीतरी मध्ये ठेवा. सगळी युक्ती त्या मधल्या फटीत आहे.

टोस्टला मीठ लागत नाही, पण अंड्याला लागतं. मी अंडं उकडायची, सोलून वाटीत घ्यायची, दोन जिने चढून वर जायची, दारातल्या मिठाच्या बरणीतून चिमूटभर मीठ लावून उभ्याने खायची आणि खाली येऊन शाळेला निघायची. शेजारच्या बायकांना वाटे की ही सासूला अंडं दाखवायला आणते. सासूबाई मात्र मान डोलवायच्या. सुनेला नियम कळतो एवढं त्यांना पुरेसं होतं.

जाऊबाईंना त्यात वेगळीच मजा दिसली. त्या परळच्या, गिरणगावातच वाढलेल्या, जीभ चुरचुरीत. व्हॅनला त्यांनी बंगला नाव ठेवलं. मी वर गेले की म्हणायच्या, "आली का बंगल्यातली मंडळी मीठ मागायला?" सासूबाईंनी त्यांना व्हॅनवर लक्ष ठेवायला सांगितलं होतं, आणि ते काम त्या मनापासून करत. खाली यायच्या, डोकं आत घालायच्या, प्रत्येक वस्तू हातात घेऊन उलटीसुलटी करायच्या.

"भावजी, हे काय?"

"नानकटाईची भट्टी."

कढईत वाळू, वाळूवर डबा, डब्यात नानकटाई, वर झाकण. साखर होती, तूप होतं, मीठ नव्हतं. पण झाकण डब्याचं आणि कढईचं एकच होतं, त्यामुळे ते उचलताना थोडी वाळू आत गेली. जाऊबाईंनी एक नानकटाई तोंडात टाकली, बराच वेळ चावली आणि म्हणाल्या, "रवा छान खरपूस भाजलाय."

जाताना त्या म्हणाल्या, "भावजी, ती भांडं धरायची कडी मला एक करून द्याल? माझ्या आईला हवी आहे, ती आता डोंबिवलीला असते."

आजोबांनी आनंदाने करून दिली. मग आडोसा मागितला. मग टोस्टची फणी. त्यांच्या आईकडे, माझ्या माहितीप्रमाणे, दोन शेगड्यांचा चांगला गॅस होता, ओटा सपाट होता आणि वारा येण्यासारखी खिडकी नव्हती. पण कौतुक करणारं माणूस मिळालं की आजोबा जास्त चौकशी करत नसत.

शिट्टीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. चहाचं पाणी उकळलं की कळावं म्हणून आजोबांनी एका जुन्या कुकरच्या झाकणाला पितळेची शिट्टी बसवली. ती कुठल्या यंत्राची होती कोण जाणे. एका सकाळी त्यांनी स्टोव्ह पेटवला आणि मी वेणी घालत बसले. आधी नुसती वाफ फुसफुसली. मग एक खोल आवाज निघाला, तो चढत चढत गेला आणि लांबच लांब वाजत राहिला.

कित्येक महिने आमच्या भागात गिरणीचा भोंगा वाजला नव्हता. आधी गॅलऱ्यांमधली माणसं कठड्याला येऊन वाकली. मग तळमजल्यावरच्या एका म्हाताऱ्या विणकर काकांच्या खोलीचं दार उघडलं. डोक्यावर टोपी, हातात जेवणाचा डबा, पायात चपला, असे ते बाहेर आले. ते फाटकापर्यंत गेले आणि आवाज आमच्या गाडीतून येतो आहे हे लक्षात आल्यावर परत आले.

"सुरू झाली?" त्यांनी विचारलं.

आजोबा पान्हा हातात घेऊन उभे होते. "नाही काका. चहा झाला."

काकांनी डबा खाली ठेवला, गाडीच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "मग कप आण."

वरून कोणी तरी हसलं आणि मग सगळी चाळ हसली. काकाही हसले, पण टोपी त्यांनी बराच वेळ काढली नाही. सासूबाईंनी गॅलरीतून हुकूम दिला, "त्या शिट्टीच्या तोंडात आधी बोळो घाल." शिट्टी त्याच दिवशी भंगारात परत गेली.

असे महिने गेले. संप संपला असं कोणी म्हणेना आणि चालू आहे असंही हळूहळू कमी लोक म्हणायला लागले. मावसदीर गावी निघून गेला. आजोबा परळच्या एका इस्पितळात लाँड्रीच्या बॉयलरवर कामाला लागले, तात्पुरतं म्हणून. थोरले दीर रोज सकाळी आंघोळ करून, शर्ट घालून बाहेर पडायचे आणि दुपारी परत यायचे. कुठे जातात ते कोणी विचारत नसे.

एका दुपारी आम्ही सगळे वर जेवायला बसलो होतो. थोरले दीर ताटाकडे बघतच म्हणाले, "आई, डोंबिवलीक एका रंगाच्या कंपनीत काम गावला."

"बरा झाला," सासूबाई म्हणाल्या. "जातलंस येतलंस कसो?"

"थयच खोली घेतलंय."

सासूबाईंच्या हातात आमटीचा डाव होता. तो त्यांनी टोपात ठेवला. "आणि पोरां?"

"पोरांय येतली. हीसुद्धा."

जाऊबाईंनी कॉटखालची पिशवी ओढून काढली. बांधाबांध करायची असावी, किंवा आता लपवण्यात अर्थ नाही असं वाटलं असावं. पिशवी खणखणली. सासूबाईंनी ती आपल्याकडे ओढली आणि आतल्या वस्तू एकेक करून जमिनीवर मांडल्या. कडी. आडोसा. फणी. नानकटाईचा डबा. नवा कोरा स्टोव्ह. माझ्या व्हॅनमधला सगळा संसार तिथे दुसऱ्यांदा मांडलेला होता.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग जाऊबाईंकडे वळल्या. "इतके महिने मी ह्येंच्या गाडयेर नजर ठेवलंय, आणि चूल निघाली तुझ्या पिशवेतसून."

"आई, ही चूल नाही," जाऊबाई म्हणाल्या. "यंत्रं आहेत. भावजीच सांगतात तसं."

एरवी आम्ही हसलो असतो. जाऊबाई मात्र खाली मान घालून वस्तू परत पिशवीत भरायला लागल्या होत्या. त्यांना जायची हौस होती असं मला वाटत नाही. नवरा रोज डोंबिवलीकडे काम शोधायला जातो हे त्यांना आधीपासून माहीत असावं; काम मिळालं आणि त्या कामाच्या मागे जायचं होतं, इतकंच. पण सासूबाईंना त्यात पडवी दिसत होती, तीन चुली आणि तीन पाठी. त्या ताटावरून उठल्या. पुढचे काही दिवस त्या स्वयंपाक करायच्या, वाढायच्या, पण बोलायच्या फक्त भांड्यांशी.

सामान न्यायला व्हॅनच घ्यायची ठरली. अंकल स्वतः चालवायला आले. आमचा पलंग बाहेर निघाला. स्टोव्ह मात्र निघेना, बोल्ट गंजला होता. मग स्टोव्हभोवती ट्रंका, गाद्या, तांदळाची गोणी, मुलांची दप्तरं रचली. सगळं चढल्यावर सासूबाई जिना उतरून आल्या. नऊवारी नेसलेली, हातात चिनी मातीची मिठाची बरणी. त्या पुढच्या सीटवर अंकलच्या शेजारी जाऊन बसल्या.

"आई, तू खय?" आजोबांनी विचारलं.

"तेच्या घरात पयला मीठ माझ्या हातचा पडतला."

अंकल म्हणाले, "आई, बरणी मागे ठेवा ना. ब्रेक मारला तर फुटेल."

"तू फुडे बघ."

मुलुंड ओलांडून थोडं पुढे गेल्यावर गाडीच्या नाकातून वाफ निघायला लागली. अंकलने ती रस्त्याच्या कडेला झाडाखाली घेतली, बॉनेट उघडलं आणि सांगितलं की इंजिन थंड होईपर्यंत कोणी कुठे जाणार नाही. उन्हं डोक्यावर आली. आसपास दुकान नाही, हॉटेल नाही. आधी धाकट्या पुतण्याने भूक लागली म्हणून सांगितलं, मग दोन मोठ्यांनी, मग अंकलने.

सासूबाई खाली उतरल्या. त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं आणि मागच्या दाराने गाडीत चढल्या. गादी बाजूला केली. "गो, काडयेपेटी खय आसा?"

मी दिली. त्यांनी जाऊबाईंना गोणी उघडायला लावली, तांदूळ काढले, अंकलच्या कॅनमधल्या पाण्याने धुतले. स्टोव्हला पंप मारला. इतके महिने दुरून पाहिलेली कडी त्यांनी पहिल्यांदा हातात घेतली, पातेलं आत बसवलं आणि बॉबिनच्या मुठी आवळल्या. "बरी आसा," त्या म्हणाल्या, कोणाकडेही न बघता. मग बरणी उघडून मूठ भरली.

मी नियमाची बाई. माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, मीठ पडलं की..."

त्यांचा हात पातेल्यावर थांबला. आम्ही सगळे दारात उभे होतो. जाऊबाई, थोरले दीर, मुलं, आजोबा, बॉनेटपासून आलेले अंकल. सासूबाईंच्या चेहऱ्यावरून मला कळत होतं की त्या कायदा मोडायच्या विचारात नाहीत. त्या तो नीट तपासून पाहत होत्या.

"गाडी कोणाची?" त्यांनी विचारलं.

"माझी," अंकल म्हणाले.

"आता खय उभी आसा?"

"मुलुंडाच्या फुडे," आजोबा म्हणाले.

"म्हणजे ना लालबागात, ना डोंबिवलीक. मगे ही चूल कोणाची?"

अंकलने आजोबांकडे पाहिलं, आजोबांनी थोरल्या दिरांकडे.

"कोणा एकाची नाय ती. सगळ्यांची." आणि त्यांनी मीठ टाकलं.

अंकलने विचारलं, "माझीपण?"

"तू आधी पाणी हाड," त्या म्हणाल्या, आणि अंकल पाण्याचा कॅन आणायला गेले.

भाताबरोबर काही हवं म्हणून त्यांनी आपल्या पिशवीतले सुके बोंबील काढले. आडव्यातिडव्या सामानात तवा सापडेना. माझी टोस्टची फणी खिळ्याला टांगलेली होती. त्यांनी ती खाली घेतली, फुंकून साफ केली आणि तिच्यावर बोंबील भाजले. बोंबलांवर मलमलीच्या रेघा उमटल्या. त्यानंतर मी त्या फणीला राख लावली, चिंच लावली, लिंबू लावलं, उन्हात ठेवली. माझ्या टोस्टला बोंबलाचा वास शेवटपर्यंत राहिला.

आम्ही झाडाखाली गाद्यांच्या वळकट्यांवर बसून जेवलो. भात खारट झाला होता. सासूबाईंच्या हातून मीठ जास्त पडलेलं मी तेव्हाच पाहिलं. थोरल्या दिरांनी तीनदा भात घेतला आणि दर वेळी सासूबाईंनी तो स्वतः वाढला. एक ट्रकवाला गाडी थांबवून उतरला आणि प्लेट कितीला म्हणून विचारू लागला. जाऊबाई म्हणाल्या, "विकायचं नाही, घरचं आहे," आणि सासूबाईंनी त्याला एक बोंबील दिला.

संध्याकाळी डोंबिवलीला पोचल्यावर सासूबाईंनी नव्या खोलीतला स्टोव्ह पेटवला, दूध उतू घालवलं आणि मग उंबऱ्यात बसून निकाल दिला. रोज ज्याने त्याने आपापल्या खोलीत रांधावं. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन्ही खोल्यांत काही पेटणार नाही. त्या दिवशी गाडी येईल आणि सगळे गाडीतल्या चुलीवरचं जेवतील. "म्हणजे घर एकच," त्या म्हणाल्या. जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "आई, पण त्या दिवशी मीठ मी घालीन." सासूबाई इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

परत आल्यावर वरच्या खोलीत जागाच जागा होती. सासूबाईंनी आम्हाला वर झोपायला बोलावलं. पण आम्हाला व्हॅनची सवय झाली होती, आणि तुमचे बाबा पोटात असताना जेवायला रोज जिना चढणं-उतरणं जड व्हायला लागेपर्यंत आम्ही खालीच राहिलो. तोपर्यंत व्हॅनमध्येही मीठ आलं होतं. पहिल्या रविवारसाठी ठेवलेली बरणी तिथून कोणी वर नेली नाही आणि सासूबाईंनी तिच्याबद्दल काही विचारलं नाही.

पुढे काही वर्षं पहिल्या रविवारी व्हॅन डोंबिवलीला जात राहिली. तिथल्या लोकांना ती खानावळ वाटायची. एकदा दोघेजण थाळ्या घेऊन रांगेत उभे राहिले आणि अंकलने त्यांना रांगेतून काढण्याऐवजी स्वतः त्यांच्यामागे उभं राहणं पसंत केलं. आजोबा दर फेरीला एखादं नवं यंत्र घेऊन यायचे. त्यातली निम्मी चालली नाहीत. चपात्या आपोआप उलटणारं एक होतं, त्याने पहिलीच चपाती अंकलच्या खांद्यावर टाकली.

गिरण्या पुन्हा आमच्यासाठी उघडल्या नाहीत. इस्पितळातलं तात्पुरतं काम आजोबांनी निवृत्तीपर्यंत केलं. व्हॅन गंजून गेली आणि अंकलने ती तोडायला दिली. चाळ पाडली, तिच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत मी आता राहते. गॅलरी नाही, लिफ्ट आहे. सासूबाई गेल्या, थोरले दीर गेले, मग अंकल, मग तुमचे आजोबा. फणी घर बदलताना हरवली. कडी जाऊबाईंकडे होती, तिचं काय झालं ते त्यांनाही आठवत नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी मी अजून डोंबिवलीला जाते. तुमचे बाबा इथे असले की तेही येतात. जाऊबाईंना आता उभं राहवत नाही, त्या स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसतात आणि सुनांना सूचना देतात. सासूबाईंची जी माणसं मुंबईत उरली आहेत ती सगळी त्या दिवशी एकाच ठिकाणी जेवतात. एवढं टिकलं आहे.